विद्यापीठांतील कुळें

नागपूर प्रांतांतील जुन्या बंदोबस्ताचे कागद ज्यांनीं चाळले असतील त्यांना एक गोष्ट प्रथमच जाणवली असेल. ती ही कीं, जमीन एकच असली तरी तिच्याशीं माणसाचें नातें सांगणारे शब्द अनेक आहेत. भोसल्यांच्या अमदानींत गांवचा पाटील हा सरकारी वसुलाचा जबाबदार. गांव त्याच्या हातीं राही तें सरकारची मर्जी असेपर्यंत. १८५४ मध्यें राज्य खालसा झालें, १८६१ मध्यें मध्यप्रांत निर्माण झाला, आणि त्यापुढील बंदोबस्तांत इंग्रज सरकारनें याच पाटलांना मालगुजार म्हणून गांवाची मालकी बहाल केली. काल जो मक्तेदार होता तो कागदाच्या एका फेरफारानें मालक झाला, आणि पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारा मनुष्य त्याचें कूळ ठरला. कसणारांतहि पुन्हां प्रकार: कोणी मालिक मकबुजा, कोणी मौरूसी, कोणी साधें कूळ. नांगर तोच, पाऊस तोच, पीक तेंच. परंतु तंटा उपस्थित झाला म्हणजे कोणाच्या पदरीं काय राहील हें त्या एका शब्दावर ठरावयाचें. ३१ मार्च १९५१ रोजीं मालगुजारी संपली आणि हे शब्द जुन्या दप्तरांत जाऊन पडले.

ते आज आठवण्याचें कारण मात्र जमीन नव्हे. उमरेडच्या पुढें भिवापूर आहे. मालगुजारीच्या काळीं तें उमरेड तहसिलींत मोडे, आज तें स्वतःच तालुक्याचें ठिकाण आहे. तेथल्या एखाद्या शेतकऱ्याची मुलगी नागपूर विद्यापीठाच्या पदवीसाठीं संख्याशास्त्र, वाणिज्य किंवा संगणकशास्त्र शिकूं लागते, तेव्हां ज्या सॉफ्टवेअरवर तिचा हात बसवावयाचा तें बहुधा तिच्या महाविद्यालयाच्या मालकीचें नसतें. महाविद्यालयानें पैसे मोजलेले असतात, पावती फाइलींत लावलेली असते; पण पैसे मोजून जें मिळालें तो केवळ परवाना असतो. परवाना हा फारसी शब्द आपल्याकडे राजसत्तेबरोबर आला आणि त्याचा गाभा आजतागायत बदललेला नाहीं: दुसऱ्याच्या मालकीची गोष्ट, दुसऱ्यानें घातलेल्या अटींवर, दुसऱ्याची इच्छा असेपर्यंत वापरण्याची अनुमति. अटी बदलल्या कीं वापर बदलतो. गेल्या दहापंधरा वर्षांत या अटी इतक्या वेळां आणि इतक्या दुरून बदलल्या गेल्या आहेत कीं, विद्यापीठांच्या विभागांची ही कुळवहिवाट कशी उत्पन्न झाली याचा इतिहास पाहणें अगत्याचें झालें आहे.

या इतिहासांतील पहिली विसंगति अशी कीं, ज्या जमिनीवर विद्यापीठें आज कुळें होऊन बसलीं आहेत ती जमीन पुष्कळ अंशीं त्यांनींच प्रथम वहितीस आणली. संगणकाच्या आरंभींच्या काळांत सॉफ्टवेअर ही विकण्याची वस्तु नव्हती. यंत्र घ्यावें आणि त्याबरोबर तें यावें, जशी शिवणयंत्राबरोबर तेलाची बुधली येई. आयबीएमनें १९६९ च्या जून महिन्यांत यंत्राची किंमत व सॉफ्टवेअरची किंमत वेगळी करण्याचें जाहीर केलें, आणि तेथून या वस्तूला स्वतंत्र बाजार मिळाला. त्याच सुमारास विद्यापीठांत काय चाललें होतें तें पाहावें. समाजशास्त्रज्ञांना आपल्या पाहण्यांचे आंकडे सोडवितां यावेत म्हणून नॉर्मन नाय व त्याचे दोन सहकारी यांनीं १९६८ मध्यें स्टॅनफर्ड विद्यापीठांत एसपीएसएस तयार केलें. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील कृषि-प्रयोगांचे आंकडे तपासण्यासाठीं नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठांत १९६६ पासून सॅस आकारास येऊं लागलें. न्यू मेक्सिको विद्यापीठांतील गणिताचे प्राध्यापक क्लीव्ह मोलर यांनीं, विद्यार्थ्यांना फोर्ट्रान न लिहितां मॅट्रिक्सचीं गणितें करतां यावींत एवढ्याचसाठीं, त्यानंतरच्या दशकाच्या अखेरीस मॅटलॅब लिहिलें आणि मागेल त्याला फुकट दिलें.

तिघांचेहि हेतु शिक्षकाचे होते. पुढें १९७५ मध्यें एसपीएसएसची, १९७६ मध्यें सॅसची आणि १९८४ मध्यें मॅटलॅबची कंपनी झाली. यांत निंद्य असें कांहीं नाहीं. विद्यापीठांत लागलेलें रोप सांभाळावयास, दुरुस्त करावयास, नव्या नव्या यंत्रांवर बसवावयास माणसें लागतात, माणसांना वेतन लागतें, आणि तें एखाद्या विभागाच्या अनुदानांतून निघण्यासारखें नव्हतें. परंतु कंपनी झाली कीं जें रोप विभागांत उगवलें तेंच विभागाच्या दाराशीं भाड्यानें येऊं लागतें. एसपीएसएस तर २००९ मध्यें सुमारें १२० कोटी डॉलरांस आयबीएमनेंच विकत घेतलें. ज्या घराण्यानें प्रथम सॉफ्टवेअरला वेगळी किंमत लावली त्याच घराण्यांत तें नांदावयास गेलें.

या तिन्हींपेक्षां अधिक शिकवून जाणारी कथा युनिक्सची आहे. अमेरिकेच्या टेलिफोन-धंद्याची जवळजवळ एकटी धनी असलेली एटी अँड टी कंपनी १९५६ मध्यें सरकारशीं झालेल्या तडजोडीनें अशी बांधली गेली होती कीं, टेलिफोनखेरीज अन्य व्यापारांत तिनें पडूं नये. तिच्या बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ पासून युनिक्स रचलें. १९७४ मध्यें त्याविषयींचा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि विद्यापीठांतून मागण्या येऊं लागल्या. उघड विक्री करण्याची सोय नाहीं. तेव्हां कंपनीनें नाममात्र आकार घेऊन, मूळ लिखाणासकट, म्हणजे संगणकवाले ज्याला सोर्स कोड म्हणतात त्यासह, युनिक्स विभागांच्या हवालीं केलें. साह्य मिळणार नाहीं, चुका दुरुस्त करून मिळणार नाहींत, ज्याचें त्यानें पाहावें, असा एकूण व्यवहार होता. हें ‘ज्याचें त्यानें पाहावें’ विभागांच्या फार पथ्यावर पडलें, कारण पाहावयाचें तर वाचावें लागे, आणि वाचण्यासाठीं मूळ ग्रंथ समोर होता.

ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनीं १९७६-७७ च्या सुमारास एक विलक्षण गोष्ट केली. त्यांनीं युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचें मूळ लिखाण एका पुस्तिकेंत छापलें आणि दुसरींत त्यावर क्रमाक्रमानें टीका लिहिली. आपल्याकडे मल्लिनाथाची टीका ज्या रीतीनें काव्यास चिकटून चालते तीच ही रीति. विद्यार्थी एक चालती, खरोखरीची, शहाण्या माणसांनीं केलेली रचना अथपासून इतिपर्यंत वाचूं लागले. संगणकशास्त्र तोंवर नियम आणि लहान लहान उदाहरणें यांवर शिकविलें जाई. व्याकरणाचीं सूत्रें पाठ असलेल्या मुलासमोर प्रथमच एखादें महाकाव्य उघडावें तसें हें झालें.

१९७९ मध्यें सातवी आवृत्ति निघाली, आणि तिच्या परवान्यांत एक नवी अट आली. मूळ लिखाण वर्गांत शिकविण्यासाठीं वापरावयाचें नाहीं. युनिक्स चालविण्यास बंदी नव्हती. तें कसें रचलें आहे हें शिकविण्यास होती. परवान्यांतील बदल ही कचेरीची बाब आहे, लेखापालानें पाहावी, प्राध्यापकानें त्यांत लक्ष घालण्याचें कारण नाहीं, असें मानणाऱ्या मित्रांना मी नेहमी हें उदाहरण देतों. किंमत वाढली तर विभाग कोठेंतरी काटकसर करून ती सोसतो. येथें किंमत बाजूलाच राहिली. फळ्यावर काय लिहावें हें शिकविणाऱ्याच्या हातून निघून परवाना देणाऱ्याच्या हातीं गेलें. लायन्स यांच्या टीकेच्या प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी अस्पष्ट प्रत, अशा छायाप्रतींतून ती जगभरच्या विभागांत फिरत राहिली. उजळ माथ्यानें ती छापून निघाली ती १९९६ मध्यें.

या अटीला विद्यापीठांनीं दिलेलीं उत्तरें तीन, आणि चोरून केलेल्या छायाप्रती हें त्यांतलें पहिलें. दुसरें उत्तर अॅम्स्टरडॅमच्या व्ह्राय विद्यापीठांतून आलें. अँड्र्यू टॅनेनबॉम यांनीं विचार केला कीं, शिकवावयास बंदी असेल तर शिकविण्यासाठीं नवेंच लिहावें. आणि १९८७ मध्यें मिनिक्स नांवाची छोटी प्रणाली, तिच्या मूळ लिखाणासह, पाठ्यपुस्तकाच्या रूपानें बाहेर पडली. हेलसिंकीचा एक विद्यार्थी, लीनस टॉर्व्हल्ड्स, ती अभ्यासतां अभ्यासतां १९९१ मध्यें स्वतःची प्रणाली लिहूं लागला, तीच लिनक्स. पैसे घेऊन वाटूं नये असा त्याचा पहिला परवाना होता. १९९२ मध्यें त्यानें तो सोडला आणि रिचर्ड स्टॉलमन यांनीं रचलेला जीपीएल हा परवाना घेतला. स्टॉलमन यांनीं १९८९ मध्यें सिद्ध केलेल्या या परवान्याची युक्ति अशी: वापरा, वाचा, बदला, विकाहि, मात्र पुढें द्याल तेव्हां घेणाऱ्याला हेच सगळे हक्क द्या. कायदा तोच, स्वामित्व तेंच, पण दान असें कीं दात्यालाहि परत घेतां येऊं नये.

तिसरें उत्तर कॅलिफोर्नियांतील बर्कलेचें, आणि तें कोर्टापर्यंत गेलें. तेथल्या विभागानें १९७७ पासून युनिक्सांत इतकी भर घातली कीं मूळ कोणतें आणि भर कोणती हें सांगणें कठीण व्हावें. तरीहि बर्कलेचें काम मिळवावयाचें तर आधीं एटी अँड टीचा परवाना हवा, आणि १९८४ मध्यें कंपनीचें विभाजन होऊन तिला व्यापाराची मोकळीक मिळाल्यावर त्या परवान्याचें मूल्य चढतच गेलें. तेव्हां मूळ कंपनीच्या ओळी एक एक करून काढून टाकून त्या जागीं नव्या लिहिण्याचा उद्योग बर्कलेनें आरंभिला, आणि १९९१ पर्यंत तो जवळजवळ पुरा केला. १९९२ मध्यें कंपनीकडून दावा आला. विद्यापीठानेंहि उलट दावा केला कीं, आमचें काम तुम्ही घेतलें आणि आमच्या परवान्याप्रमाणें आमचें नांव मात्र घेतलें नाहीं! १९९४ च्या आरंभीं तडजोड झाली. सुमारें १८,००० फाइलींपैकीं ३ वगळाव्या लागल्या आणि ७० वर कंपनीच्या हक्काची नोंद घालावी लागली. इतक्या थोरल्या वादाचें मूळ एवढेंसें निघालें. पण दरम्यानचीं दोन वर्षें गेलीं तीं गेलींच, आणि त्या अवधींत लिनक्स पुढें निघून गेलें.

आपल्याकडील महाविद्यालयें यांपैकीं बहुतांशीं पहिल्याच वाटेनें गेलीं. फ्लॉपीवरून फ्लॉपी, सीडीवरून सीडी, असा प्रसार झाला. परवान्याचा प्रश्न आपल्या विभागांना उशिरां जाणवला याचें कारण त्यांची उदासीनता नव्हे. परवान्याशिवायच काम भागत होतें हें आहे. कायदा मात्र झोंपलेला नव्हता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याला १९८४ मध्यें जोड देऊन संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृतींत गणली गेली. कादंबरी आणि हिशेबाचा प्रोग्राम एका पंक्तीस बसले, हें साहित्यप्रेमी वाचकांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १९९४ च्या दुरुस्तीनें, जी १० मे १९९५ पासून अंमलांत आली, जाणूनबुजून चोरीची प्रत संगणकावर वापरणाऱ्यास किमान ७ दिवस व कमाल ३ वर्षें कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड ठेविला. व्यापारी लाभाचा हेतु नसल्यास कैद न देतां ५०,००० रुपयांपर्यंत दंडावर सोडण्याची मुभा न्यायाधीशास दिली. शिक्षेपेक्षां मला दुसरी बाजू अधिक लागते. ज्या खोलींत आपण मुलाला आंकड्यांशीं प्रामाणिक राहावयास शिकवितों, त्याच खोलींतलें हत्यार जर चोरीचें असेल, तर मुलाला तें कळत नाहीं असें समजणें हा भोळेपणा होय.

मग भाड्याचा काळ आला. पूर्वीं परवाना निदान कायमचा असे; आवृत्ति जुनी झाली तरी चालत राही. २०१३ च्या मे महिन्यांत अॅडोबीनें जाहीर केलें कीं, आपल्या चित्रकला व मुद्रणाच्या साधनांची यापुढची आवृत्ति विकत मिळणार नाहीं, वर्गणीनेंच मिळेल. इतरांनींहि कमीअधिक फरकानें तीच वाट धरली. कंपनीच्या दृष्टीनें यांत सोय आहे, आणि वर्षाला लहान रक्कम भरणाऱ्या गिऱ्हाइकालाहि ती कधीं कधीं असते. पण विद्यापीठाच्या हिशेबाची रचना वेगळी आहे. अनुदानाचे दोन कप्पे असतात, अनावर्तक आणि आवर्तक. यंत्र, कपाट, पुस्तक हीं एकदां घ्यावयाचीं म्हणून पहिल्या कप्प्यांत. वेतन, वीज, खडू हें दर सालचें म्हणून दुसऱ्यांत. सॉफ्टवेअरची पेटी पूर्वीं पहिल्या कप्प्यांतून येई. डेड स्टॉक रजिस्टरांत तिला क्रमांक पडे, तपासनीस आला कीं कपाट उघडून ती दाखवितां येई. आतां तिचें रूपांतर दर सालच्या भाड्यांत झालें, आणि दुसरा कप्पा तर आधींच रिता. यंत्रासाठीं पांच लाख मिळतात. त्या यंत्रावर चालावयाच्या गोष्टीसाठीं दर साल पन्नास हजार मिळत नाहींत. त्यांत आपलें शैक्षणिक वर्ष पावसाळ्याबरोबर सुरू होतें, सरकारी वर्ष मार्चअखेर संपतें, आणि परवान्याचें वर्ष ज्या दिवशीं पैसे भरले त्या दिवशीं. तीन पंचांगें सांभाळणारा विभागप्रमुख अजून निपजावयाचा आहे.

भिवापुराकडच्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाहीं. तिकडची मिरची इतकी नांवाची कीं तिला भौगोलिक मानांकन लाभलें आहे. ती गांवरान मिरची लावणारा आपल्याच तोड्यांतलीं चांगलीं फळें निवडून, वाळवून, पुढल्या सालचें बीं घरीं राखी. संकरित वाणाचें तसें नाहीं. उत्पन्न अधिक दिसतें, पण त्याचें बीं राखून पेरलें तर तेंच पीक उतरत नाहीं. दर हंगामाला दुकान गांठावें लागतें. २००१ च्या वाण-संरक्षण कायद्यानें शेतकऱ्याचा बीं राखण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा हक्क तरी लिहून ठेविला. भाड्याच्या सॉफ्टवेअरवर शिकविणाऱ्या विभागाच्या हातीं परवान्यांत लिहिलें असेल तेवढेंच.

आणि लिहिलेलें बदलतें. सॅसनें विद्यार्थ्यांसाठीं आपली एक विनामूल्य आवृत्ति २०१४ पासून चालविली होती; ती २०२१ मध्यें बंद झाली आणि तिच्या जागीं, कंपनीच्याच दूरच्या संगणकांवर जाऊन वापरावयाची सोय आली. मुंबई-पुण्याला हा फरक फारसा भासणार नाहीं. जेथें पावसाची एक सर आली कीं इंटरनेट जातें, तेथें प्रात्यक्षिक होणें आणि न होणें एवढा तो फरक आहे. जावा ही भाषा आपल्याकडील संगणक-अभ्यासक्रमांत घरोघर शिरलेली. तिची मूळ कंपनी २०१० मध्यें ऑरॅकलनें घेतली. २०१९ मध्यें ऑरॅकलच्या वितरणाच्या अटी बदलल्या आणि २०२३ च्या जानेवारींत व्यापारी वर्गणीचा आकार वापरणाऱ्यांच्या संख्येवर न ठेवतां संस्थेच्या एकूण नोकरांच्या संख्येवर ठेवण्यांत आला. म्हणजे घरांत दिवे किती यावर विजेचें बिल न येतां माणसें किती यावर यावें! जावाचीं मुक्त वितरणें उपलब्ध होतीं व आहेत, पण आपण कोणतें वितरण बसविलें आहे हें किती प्रयोगशाळांत ठाऊक असतें? गूगलनें शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण देऊं केली होती. कोरोनाच्या दिवसांत महाविद्यालयांनीं व्याख्यानेंच्या व्याख्यानें तेथें नेऊन ठेविलीं. २०२१ मध्यें घोषणा झाली आणि २०२२ च्या जुलैपासून सबंध संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा आली.

असा बदल विभागांत कसा पोंचतो? एका ईमेलनें. तो ज्या प्राध्यापकाच्या नांवें पूर्वीं खातें उघडलें त्याला जातो, आणि तो प्राध्यापक बहुधा निवृत्त झालेला असतो. माझ्या पाहण्यांतील एका विभागांत परीक्षेच्या आठवड्यांत प्रात्यक्षिकाच्या यंत्रांनीं मुदत संपल्याची पाटी दाखविली. वर्षाचें काम त्या प्रणालीच्याच खास स्वरूपांत सांठविलेलें, तेव्हां तें डोळ्यांसमोर असूनहि उघडेना. तें साध्या मजकुराच्या रूपानेंहि ठेविलें असतें, आणि परवाना कोणाच्या नांवें, कोणत्या तारखेपर्यंत, घरच्या संगणकावर चालेल कीं नाहीं, एवढ्या चार ओळी जर प्रमुखाच्या टेबलाच्या खणांत असत्या, तर मुलांचा एक दिवसहि गेला नसता.

दुसऱ्या उत्तराच्या वाटेनें, म्हणजे टॅनेनबॉमच्या वाटेनें, महाराष्ट्रांत जो सर्वांत मोठा प्रयत्न झाला तो मुंबईच्या आयआयटींतला. केंद्र सरकारनें २००९ मध्यें सुरू केलेल्या माहिती-तंत्रज्ञानाद्वारा शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानांतून तेथें फॉसी हा प्रकल्प उभा राहिला. रसायन-अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौदगल्य हे त्याच्या धुरीणांपैकीं. मॅटलॅबच्या जागीं सायलॅब, संख्याशास्त्रासाठीं आर, सर्वसाधारण गणनेसाठीं पायथन, अशी मुक्त साधनें अभ्यासक्रमांत आणावयाचीं हा त्यांचा हेतु. हेतु पुष्कळांचे चांगले असतात. या मंडळींची दृष्टि अशी कीं, अडचण पैशाची नसून पाठ्यपुस्तकाची आहे हें त्यांनीं ओळखलें. मान्य पुस्तकांतलीं उदाहरणें मॅटलॅबमध्यें सोडविलेलीं असतील तर शिक्षक दुसरीकडे कां वळेल? म्हणून त्यांनीं देशभरच्या विद्यार्थ्यांकडून व शिक्षकांकडून रूढ पाठ्यपुस्तकांतलीं सोडविलेलीं उदाहरणें सायलॅबमध्यें लिहवून घेतलीं, त्याबद्दल मानधन दिलें आणि तीं सर्वांस खुलीं केलीं. एखाद्या महाविद्यालयाची सबंध प्रयोगशाळा नव्या साधनावर आणावयाची असेल तर तिचे प्रयोग एक एक करून बदलून देण्याचीहि व्यवस्था ठेविली. जोडीला स्पोकन ट्यूटोरियल नांवाचे सुमारें दहा दहा मिनिटांचे पाठ निघाले. ते मराठींतहि आहेत आणि शिक्षक जवळ नसतां एकट्यानें बसून शिकतां यावेत अशा बेतानें रचलेले आहेत.

या प्रयत्नानें मालकीचीं साधनें हद्दपार झालीं असें म्हणणें धाडसाचें होईल. कांहीं क्षेत्रांत तोडीचें मुक्त साधन अजून नाहीं. नोकरी देणारा ज्या नांवाची विचारणा करतो तें नांव प्रशस्तिपत्रावर हवें असतें. आणि पन्नाशीच्या पुढें हात वळविणें सर्वांस आवडत नाहीं. शिवाय फुकट आणि मुक्त या दोन शब्दांची गल्लत आपण सर्रास करितों. सायलॅबचेंच पाहा. फ्रान्समधील इन्रिया संस्थेंत जन्मलेलें हें साधन आरंभापासून फुकट होतें, पण त्याचा जुना परवाना पुरता मुक्त नव्हता; २००८ च्या पांचव्या आवृत्तीपासून तो मुक्त झाला आणि २०१७ च्या सहाव्या आवृत्तीला जीपीएल लाभला. त्याच २०१७ सालीं त्यामागची कंपनी दुसरीनें विकत घेतली. तरी जें जीपीएलखालीं बाहेर पडलें तें कोणाला मागें घेतां येत नाहीं. उलट अॅनाकोंडा पाहा. पायथन मुक्त, पण पायथनचीं साधनें एकत्र बांधून देणारें हें भांडार एका कंपनीचें. २०२० मध्यें तिनें मोठ्या संस्थांच्या व्यापारी वापरावर शुल्काची अट घातली, आणि २०२४ मध्यें परदेशांतील कित्येक संशोधन-संस्थांना आपल्या लोकांस अन्य सार्वजनिक भांडारांकडे वळण्यास सांगावें लागलें. आर या साधनाचे कर्ते, न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठांतील रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन, यांनीं १९९५ मध्येंच एका स्नेह्याच्या आग्रहावरून जीपीएल स्वीकारला. त्या वेळीं तो आग्रह कित्येकांना किरकोळ वाटला असेल. आज भिवापूरची मुलगी तेंच साधन आपल्या घरच्या संगणकावर, महाविद्यालय सुटल्यावर आणि पदवी मिळाल्यावरहि, कोणालाहि न विचारतां चालवूं शकते.

हा सगळा खटाटोप विज्ञानशाखेचा आहे, आपला नव्हे, असें मराठीच्या विभागांना वाटत असेल तर त्यांनीं आपल्याच ग्रंथालयांतील जुन्या प्रबंधांच्या सीडी काढून पाहाव्या. युनिकोडपूर्व काळांत मराठी अक्षरांच्या प्रणाली निरनिराळ्या कंपन्यांच्या, आणि प्रत्येकीची अक्षरांची सांकेतिक मांडणी निराळी. कांहींना तर संगणकाच्या पाठीमागें डोंगल नांवाची कुलूपवजा कळ लावावी लागे. कळ हरवली कीं मराठी बंद. ज्या प्रणालींत प्रबंध टंकला ती नसेल तर ज्ञानेश्वरीवरील विवेचन उघडल्यावर रोमन चिन्हांचा चिखल दिसतो. कागदावर छापलेली प्रत वाळवीपासून वांचली तर वाचतां येते; सीडीवरची, सुरक्षित असूनहि, वाचतां येत नाहीं. देवनागरीला १९९१ च्या पहिल्याच युनिकोड आवृत्तींत स्थान मिळालें होतें, पण आपल्या लेखनव्यवहारांत तें रुळावयास पुढें बरीच वर्षें गेलीं. आज मुंबईच्या एक टाइप या मंडळींचें मुक्ता यासारखें मुक्त परवान्याचें मराठी अक्षरवळण कोणीहि घेऊं शकतो, आणि तें कोणत्याहि कळीवांचून चालतें. जुने प्रबंध नव्या संकेतांत उतरवून घेण्याचें काम मात्र विभागांनींच करावयाचें आहे, आणि ज्या प्रणालींत ते टंकले गेले त्या जोंपर्यंत कोणत्यातरी जुनाट यंत्रावर चालत आहेत तोंपर्यंतच तें सुकर आहे.

भाड्याचा हा व्यवहार आतां सॉफ्टवेअरपुरताहि उरलेला नाहीं. संशोधनपर नियतकालिकें पूर्वीं बांधणी करून कपाटांत ठेवीत; वर्गणी थांबली तरी मागचे खंड घरचे. आतां तींहि परवान्यानें वाचावयाचीं असतात. २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली: ३० प्रकाशकांचीं सुमारें १३,००० नियतकालिकें, केंद्र व राज्यांच्या ६,३०० हून अधिक संस्था, आणि त्यासाठीं ६,००० कोटी रुपये. एकट्या विभागानें दाराशीं आलेल्या विक्रेत्याशीं घासाघीस करण्यापेक्षां सबंध देशानें एकदम बोलणें केव्हांहि शहाणपणाचें, आणि लहान गांवच्या संशोधकाला जें स्वप्नांतहि मिळालें नसतें तें यांतून मिळूं लागलें आहे. मंजूर झालेली रक्कम २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठीं आहे.